डब्यातला श्वास

लाइन गेली की आमची सगळी आळी वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढायची, आणि शेजारचे साहेब फाटकात येऊन आनंदानं ओरडायचे, "गेली! गेली! वहिनी, या लवकर! शेजारी, तुम्ही पण या!" नवा माणूस असला तर घाबरून चपला घालायचा. त्याला वाटायचं, यांच्या घरचं कोणी गेलं.

राळेगावात त्या वर्षांत लोडशेडिंगचा काही नेम नव्हता. लोकांचे पंप बंद, गिरण्या बंद, पोट्ट्यांचा अभ्यास बंद. आणि हा माणूस लाइन जायची वाट पाहून राहायचा. त्यांच्या बैठकीत ट्रॅक्टरची एक भली मोठी बॅटरी होती. लाइन गेली की ते सीडी त्या बॅटरीवर लावायचे. मी एकदा विचारलं, "साहेब, लाइन असते तेव्हा ऐकत जा ना. बॅटरी कायले जाळता?"

ते म्हणाले, "शेजारी, तुमच्या जिनिंगच्या मोटरा चालतात ना, त्यांची घाण तारेतून माझ्या घरात येते. कान देऊन ऐका. आवाजाच्या मागे कोणीतरी दळण दळून राहिलं आहे."

मी कान दिला. मला काही दळण ऐकू आलं नाही. तसं सांगून टाकलं. त्यांना राग आला नाही. राग त्यांना खोटं बोलणाऱ्याचा यायचा.

साहेब म्हणजे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस. त्यांची बायको नागपूरला मुलाकडे राहायची. ती म्हणे त्यांना एकदा म्हणाली होती, घरात मी तरी राहीन नाहीतर हे डबे तरी. साहेब ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "विचार करायला वेळ मागितला, तर ती तेवढ्यात निघून गेली." दिवाळीला ते नागपूरला जायचे आणि भाऊबीज झाली की परत. तिकडे म्हणे बारा महिने लाइन राहायची.

डबे म्हणजे स्पीकरचे लाकडी डबे. जुन्या सागवानी दाराच्या फळ्या कापून ते स्वतः बनवायचे. दुकानात असे डबे जोडीनं मिळतात, हे मला पण माहीत होतं. साहेबांकडे वाजायचा मात्र एकच. मी म्हटलं, "दुसरा कुठं गेला?"

"एका कानाला दोन डबे कायले?" ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता. उजवाही जाऊन राहिला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वर्ष-दोन वर्षं साथ देईल, तोवर वापरून घ्या. दुसरा कोणी असता तर हे ऐकून खाटेवर पडला असता. साहेबांनी ते प्रसादासारखं धरलं. कोणी म्हटलं की साहेब, या वयात हे काय लावलं, की म्हणायचे, "डॉक्टरनं सांगितलं आहे. वापरून घ्या."

कशासाठी वापरायचा होता तो कान, ते पण सांगतो, कारण त्याच्यावरच सगळं होतं.

त्यांच्या बापाच्या घरी तबकड्यांचा मोठा बाजा होता. त्यात एका बाईचं गाणं होतं. बाईचं नाव साहेब रोज घ्यायचे, माझ्या डोक्यात काही ते बसलं नाही. गाण्याची तिसरी ओळ सुरू करायच्या आधी ती बाई श्वास घ्यायची. साहेब लहान होते तेव्हा बाजाला डोकं टेकून त्या श्वासाची वाट पाहायचे. म्हणायचे, "चुलीत फुंकर घालायच्या आधी बाई घेते ना, तसा. घरातला. असं वाटायचं की पुढच्या घडीला तिचा पदर आपल्या गालाला लागेल." पुढं घर बदललं, तबकडी फुटली. मग म्हातारपणी त्याच गाण्याची सीडी निघाली आणि मुलानं ती आणून दिली. साहेबांनी लावली. सगळं आलं. शब्द आले, तबला आला, बाईच्या बांगड्यासुद्धा आल्या, ज्या आधी कधी ऐकू आल्या नव्हत्या. आणि तिसऱ्या ओळीच्या आधी श्वास आला तो कागद टरकावल्यासारखा.

"सीडीत आवाज धुऊन ठेवला आहे," ते म्हणायचे. "धुतला तर धुतला, साबण तसाच राहू दिला."

कान जायच्या आत त्यांना तो श्वास जसा होता तसा एकदा ऐकायचा होता. बाकी काही नाही.

मी शाळा फार केली नाही. जिनिंगमध्ये सरकी काढायच्या रेच्यावर जन्म गेला आणि घरचं थोडं कोरडवाहू शेत. पण मला एक खोड आहे, समोर कोणी काही खोलून बसला की माझे पाय तिथून हलत नाहीत. त्या चकचकीत ताटलीत बाईचा आवाज मावतो कसा, हे मला समजून घ्यायचं होतं. साहेबांना विचारलं. ते थोडा वेळ माझ्या कपड्यांवरची रुई पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही कापूस दाबून गाठ करता. करता ना? ती गाठ उद्या मिलमध्ये खोलली तर कापूस तोच असते. पण तो पुन्हा बोंडातल्यासारखा होते का?"

"नाही होत. पिंजावा लागते."

"मग मी आवाज पिंजून राहिलो आहे."

पिंजायची त्यांची हत्यारं म्हणजे एकेक नमुना. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह काढून त्यांनी एक यंत्र केलं होतं. काचेच्या त्या शिश्या निखाऱ्यासारख्या लाल व्हायच्या. सीडीचा आवाज आधी त्यांच्यातून जायचा, मग डब्यात. का, तर म्हणे उन्हात वाळवलेल्या आणि सावलीत वाळवलेल्या हळदीत फरक असते तसा फरक पडते. भिंतीवर गोधड्या टांगलेल्या. खिडकीला पोतं. कोणाच्याही घरी गेले की साहेब दारातच एक टाळी वाजवायचे आणि मान वाकडी करून उजवा कान पुढं करायचे. घर किती बोंबलते ते त्यांना पाहायचं असायचं. एकदा गावातल्या एका मयतीला आम्ही दोघं गेलतो. तिथं आत पाऊल टाकताच यांनी टाळी दिली. सगळी माणसं रडायची थांबली. मयताचा भाऊ उठून उभा राहिला. मी साहेबांना दंडाला धरून बाहेर आणलं तर हे म्हणतात, "शेजारी, काय कोरडी खोली आहे! माणसं बसली आहेत म्हणून. माणूस आवाज फार चांगला पितो."

आवाजाची पारख करायला मात्र मी चालत नव्हतो. मी म्हणायचो, "साहेब, मले सगळं सारखंच लागते." ते म्हणायचे, "तुम्ही इमानदार आहात, पण कामाचे नाही." कामाची होती माझी बायको.

ती काही गाण्यातली जाणकार नव्हती. कधी गुणगुणायचीही नाही. आधी तीही जिनिंगला यायची, रुईच्या धुळीनं तिला धाप लागली म्हणून काम सोडलं. पण तोंडाची खरी. पहिल्यांदा साहेबांनी तिला बसवलं आणि गाणं लावलं. तिनं पदर सावरून ऐकलं आणि म्हणाली, "ही बाई उभ्यानं गाते जी. हिची बस लागली आहे वाटते."

मला वाटलं, आता साहेब हिला हाकलतात. ते उठले, डबा टेबलावरून काढला आणि जमिनीवर पाट मांडून त्याच्यावर ठेवला. बसलेल्या बाईचं तोंड जिथं येईल तिथं स्पीकरचं तोंड आणलं.

"आता?"

"आता बसली. पण तोंडात सुपारी आहे."

मग साहेब दोन दिवस डब्याची पाठ उघडून बसले.

असं नाही की ती नेहमी बरोबर असायची. एकदा तिनं सांगितलं की आज आवाज लय गोड झाला. साहेब हरखले. आदल्या दिवशी काय बदललं होतं ते आठवू लागले, तर एक तार बदलली होती. मग त्यांनी नागपूरहून तसली तार आणून सगळ्या जोडण्या बदलल्या. पुढच्या खेपेला हिला बसवलं आणि विचारलं की त्या दिवसाइतका गोड आहे का. ही म्हणाली, "त्या दिवशीचं नका धरू साहेब. आधल्या दिवशी माह्यं डोकं दुखत होतं, तवा सारंच कडू लागत होतं."

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. मग इतके हसले की खोकला आला.

डब्यात कापूस भरायची गोष्ट निघाली ती माझ्यामुळं. डब्याच्या आत काहीतरी मऊ भरावं लागते, नाहीतर आवाज आतल्या आत आपटते, असं ते सांगत होते. मी म्हटलं, "रुई आणून देतो, जिनिंगमध्ये पायाखाली पडलेली असते." ते म्हणाले, "दाबलेली नको. वावरातून आणा. जिवंत." मी वेचणीचा ताजा कापूस आणून दिला, सरकीसकट. त्यांनी तो तसाच डब्यात भरला. आवाज खरंच भरदार झाला. माझ्यासारख्या दगडालासुद्धा कळलं. साहेब चार लोकांना बोलावून चहा पाजून ऐकवू लागले. आणि एका सकाळी फाटकावर येऊन उभे राहिले, तोंड उतरलेलं.

"काय झालं जी?"

"उंदरांनी खर्ज खाल्ला."

जाऊन पाहतो तर डब्याला मागून हे एवढं भोक. सरकीच्या वासानं उंदीर आत शिरले, सरकी खाल्ली आणि जाता जाता स्पीकरचा कागदही कुरतडला. साऱ्या कापूसपट्टीत लेकरालाही माहीत असते की सरकी घरात ठेवली की उंदीर आले. मला हसू आवरेना. बायको मला डोळे दाखवून राहिली होती. साहेब मात्र त्या भोकात बोट घालून पाहत होते आणि म्हणाले, "इथूनच खाल्लं त्यांनी, जिथं आवाज सर्वांत जड होता. याच्यात काही शिकण्यासारखं आहे."

मी म्हटलं, "हाव. रुई वापरा."

त्याच हिवाळ्यात कापसाचे हाल झाले. भाव पडले, खरेदी लवकर सुरू होईना, आणि ज्यानं त्यानं कापूस घरात भरून ठेवला. पेपरात रोज तालुक्यातली एखादी वाईट बातमी. आमच्या समोरच्या खोलीत आमचा कापूस आणि माझ्या साळ्याचाही, पार आढ्याला टेकेपर्यंत. दाराजवळ माणूस बसेल एवढी जागा तेवढी राहिली होती.

साहेब काहीतरी मागायला आले, स्क्रू फिरवायचा पेचकस असेल. दारात पाऊल टाकलं आणि सवयीनं टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि मेली. मागं काही आलंच नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मग ते त्या कापसाच्या डोंगराकडे असे पाहू लागले की मला वाटलं आता हात जोडतात.

"शेजारी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी इतके दिवस सीडीला उगाच शिव्या देत होतो. बोंबलत होत्या माझ्या घरच्या भिंती."

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर सगळा बाजार माझ्या घरी आला. बॅटरी, शिश्यांचं यंत्र, पाट, डबा. लाइन गेली. गाणं लागलं. तुम्हाला खरं सांगतो, ज्याला सगळं सारखंच लागते त्या माझ्या अंगावर काटा आला. बाई आमच्या घरी आली होती. कापसाला पाठ लावून बसली होती आणि गात होती. बायकोनं तर डोक्यावरून पदर घेतला.

फक्त श्वास. तिसऱ्या ओळीच्या आधी तो अजूनही थोडा करकरत होता. "जवळ आला आहे," साहेब म्हणाले. "अगदी उंबऱ्यात आहे. शेजारी, कापूस विकू नका इतक्यात."

आठवडा गेला. साहेब रोज लाइन जायच्या वेळेला यायचे, शिश्या बदलायचे, डब्यातून मूठभर रुई काढायचे, पुन्हा भरायचे. इकडे घरात कापूस असल्यामुळं बायकोची धाप वाढली. स्वयंपाकघरात बसली तरी ऐकू यायची. आणि एका दिवशी व्यापाऱ्याचा निरोप आला की परवा गाडी पाठवतो, देता का. मी हो म्हटलं. साहेबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"चार दिवस थांबवा," ते म्हणाले. "पाया पडतो."

मी तोंडाचा फाटका. म्हटलं, "साहेब, तुमच्या त्या बाईच्या श्वासापायी माह्या बायकोचा श्वास घेता का?"

ते तार गुंडाळू लागले. बायको आतून आली, दाराला टेकून उभी राहिली, दम घेतला आणि मला म्हणाली, "तुमाले बोलायची काही रीत आहे का नाई? त्यायचा कान चालला. माही धाप काय, कापूस गेला का उतरते. गाडी परवा येते ना? मंग आज अन् उद्या आहे ना आपल्याजवळ. बसा साहेब. चहा ठेवते."

आणि तिनं चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली. साहेब उजवा कान पुढं करून बसले. त्यांच्या त्याच बाजूला, कापसाला टेकून ही बसली. मी दारात. गाणं लागलं. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू होती. आणि साहेबांनी एकदम बोट वर केलं.

"आला!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आला, आला! तसाच आला!"

बाई अजून दुसऱ्याच ओळीत होती. मी म्हटलं, "साहेब, थे हिची धाप होय."

त्यांनी सीडी थांबवली. मला वाटलं माणूस मोडला. ते वळले आणि हिच्याकडे पाहू लागले. दाताखाली खडा आला म्हणावं तर तसं नाही, आणि हरवलेली वस्तू सापडली म्हणावं तर तसंही नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "पुन्हा घ्या."

"काय घेऊ?"

"श्वास."

"अजी बाप्पा! श्वास का कोणी मागून घेते का? थो आपोआप येते."

"मग आपोआप घ्या. पण माझ्या या बाजूला बसून घ्या. मी वेडा आहे, मी पन्नास वर्षांपूर्वीचं आठवून आठवून जुळवत होतो. मोजमाप तर इथं बसलं आहे."

मग जी काही दुपार झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. साहेब हिचा श्वास ऐकायचे, मग सीडी मागं घेऊन बाईचा ऐकायचे. "तिचा वर बारीक आहे," म्हणायचे आणि डब्यातून रुई काढायचे. पुन्हा हिचा. पुन्हा बाईचा. "आता पोट नाही," म्हणून डबा कापसाकडे दोन बोटं सरकवायचे. ही उठायला लागली की, "वहिनी, बसा, मोजमाप हलते." ही म्हणाली, "माह्या चुलीवर दूध आहे." मला दूध उतरवायला पाठवलं. मी दूध उतरवून आलो तर दोघंही श्वास घेत बसलेले, एकमेकांकडे न पाहता, आणि मधे तो डबा.

शेवटी साहेब म्हणाले, "शेजारी, इकडे या. पाठ करा. डोळे मिटा. आता सांगा, कोण?"

मी डोळे मिटले. कापसाचा वास, आणि सगळीकडे सामसूम. मग माझ्या पाठीमागं कोणी श्वास घेतला. हळू, आत ओढलेला, जसा माणूस काही बोलायच्या आधी घेतो.

"ही," मी म्हटलं. "काय विचारता, ही होय."

मग तिसरी ओळ सुरू झाली. डब्यातून.

मी वळून पाहतो तर बायको तोंडावर पदर दाबून बसलेली. तिनं हात काढला आणि सुटली. "मी तं श्वास धरून बसली होती! आयुष्य काढलं या माणसाच्या घरी, अन् याले माहा श्वास ओळखू येत नाई! सीडीतली बाई याले बायको वाटते!" आणि हसता हसता तिला धाप लागली. मी तिची पाठ चोळत होतो, साहेब तर हलत नव्हते. त्यांनी ती जागा पुन्हा लावली. डब्याजवळ कान नेला. ऐकली. मग डोकं डब्याला टेकवलं, लहान पोरासारखं, आणि म्हणाले, "बाई बसली आहे इथं."

सकाळी गाडी आली आणि कापूस गेला. साहेब कापूस भरताना उभे होते. मला वाटलं हळहळतील. ते म्हणाले, "जाऊ द्या. वापरून घेतलं."

बायकोनं मला ती गोष्ट काही सोडू दिली नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की उत्तर यायचं, "सीडीतल्या बाईले सांगा." माहेरी, लग्नाकार्यात, चार बायका जमल्या की सांगायची आणि मी तिथून उठायचो.

त्यानंतर एक पावसाळा गेला आणि साहेबांचा कान गेला. एकदम नाही, वात कमी केल्यासारखा. मग ते गळ्यात लेकरांची पाटी अडकवून फिरू लागले. ज्याला बोलायचं त्यानं लिहायचं. लाइन गेल्याचं त्यांना आता ऐकून कळायचं नाही. पंखा थांबलेला दिसला की फाटकात येऊन नुसते उभे राहायचे. बायको त्यांना भाकर द्यायची, पाटीवर तिला लिहिता येत नव्हतं म्हणून हातानं सांगायची, आणि दोघांचं मजेत चालायचं.

मग पुष्कळ वर्षांनी माझी बायको गेली. धापेनंच गेली. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मी समोरच्या खोलीत बसलो होतो, खोली रिकामी. फाटक वाजलं. साहेब. पार वाकलेले, आणि हातगाडीवर डबा. मागं बॅटरी. मी उठलो नाही. त्यांनी एकट्यानं सगळं आत आणलं, पाट मांडला, डबा ठेवला, तारा जोडल्या. एकही तार चुकली नाही. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असते तसा त्यांचा झाला होता. ते म्हणाले, "शेजारी, हे तुम्हाला ठेवा. मला काही उपयोग नाही. वहिनीचा श्वास याच्यात आहे. तुम्हीच ओळखला होता."

आणि त्यांनी गाणं लावलं. स्वतःला ऐकू येत नव्हतं, म्हणून डब्यावर तळहात ठेवून बसले. पहिली ओळ. दुसरी. मग ती जागा आली.

चांगला होता. साहेबांच्या हातचं काम, वाईट कसं असणार. कोणीतरी बाई होती, श्वास घेत होती, माझ्या हाताच्या अंतरावर. पण ही नव्हती. मला पहिल्या झटक्यात कळलं. त्या दुपारी डोळे मिटून मी चुकलो होतो, आता उघड्या डोळ्यांनी कळलं.

साहेब माझ्या तोंडाकडे पाहत होते. गळ्यातली पाटी काढून त्यांनी माझ्यापुढं धरली. दुसरा कोणी असता तर त्यानं लिहिलं असतं, हो साहेब, तीच आहे. म्हातारा माणूस, एवढ्या उन्हात हातगाडी ढकलत आला. पण मी खडू घेतला आणि माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, "ही ती नाही."

त्यांनी वाचलं. पाटी पुसली नाही. किती तरी वेळ वाचत बसले, जसं काही ते तीन शब्द म्हणजे मोठं पान होतं. मला वाटलं आता हे डबा उचलतील आणि जातील, आणि मी त्यांना थांबवणार नव्हतो.

"काय कमी आहे?" त्यांनी विचारलं.

मी खांदे उडवले.

"असं नका करू. तुम्ही ओळखलं म्हणजे तुम्हाला माहीत आहे. काय कमी आहे, शेजारी?"

मी पाटी ओढली. लिहिलं, "शेवटी बारीक शिट्टी राहायची."

साहेब पुढं सरकले. डोळे असे झाले जसे त्या दिवशी कापूस पाहून झाले होते. "श्वास आत घेताना का सोडताना?"

"सोडताना."

"वर जायची का खाली?"

मला कोणी असं विचारलं नव्हतं. तेरवीला आलेल्या माणसांनी विचारलं, दवाखान्यात नेलं होतं का, शेवटी काही बोलली का. शिट्टी वर जायची का खाली, हे कोणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि ऐकलं. मग लिहिलं, "आधी वर. मंग तुटायची."

"तुटायची म्हणजे? धागा तुटतो तशी का काडी मोडते तशी?"

मी विचार केला. "धागा," लिहिलं.

"झोपेत पण?"

"झोपेत जास्त. कुशीवर वळली का बंद."

"कोणत्या कुशीवर?"

गाणं केव्हाच संपलं होतं, त्यांना ते कळलं नव्हतं आणि मी उठून बंद केलं नाही. पाटी लहान होती. दोन ओळी लिहिल्या की भरायची. भरली की साहेब सदऱ्याच्या बाहीनं ती पुसायचे आणि पुन्हा माझ्यापुढं धरायचे.